जुन्या मोटार लाँचची धूरनळी : गळती, दुरुस्ती आणि बदल

तापी नदी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते, खानदेशची भूमी भिजवते आणि सुरत शहराच्या पुढे डुमसजवळ समुद्रास मिळते. या मुखाशी नौकाबांधणीची परंपरा फार जुनी आहे. मुंबईच्या गोदीचे विख्यात नौकाशिल्पी लवजी नसरवानजी वाडिया मूळचे सुरतेचे. १७३६ च्या सुमारास ते मुंबईस गेले. त्यांच्या घराण्याने मलबारी सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली आहे.

सागवानाचे आयुष्य असे शतकांनी मोजता येते. त्याच सागवानी लाँचमध्ये बसविलेल्या डिझेल इंजिनाच्या धूरनळीचे आयुष्य मात्र थोड्याच वर्षांचे असते. लाँचचा मालक दरवर्षी पाट तपासतो, भेगा भरतो, रंग देतो. परंतु इंजिनाच्या खणात अंधारात राहणाऱ्या नळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती फुटली की वर पत्र्याचे ठिगळ व तारेचा वेढा बसतो आणि काम भागले असे मानले जाते. हा समज घातक आहे, कारण त्या नळीतून केवळ काजळी बाहेर पडत नाही. प्राणघातक वायूही बाहेर पडतो.

नळी का झिजते?

एक लिटर डिझेल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने धुरात मिसळते. इंजिन बंद झाल्यावर ही वाफ नळीच्या सखल वळणात थंड होऊन साचते. धुरातील गंधकाचे अंश त्या पाण्यात विरघळून आम्ल तयार होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षात दहा भाग इतके कमी झाले आहे. परंतु जुन्या नळ्यांनी त्यापूर्वीचे इंधन वर्षानुवर्षे सोसलेले असते.

धूरनळीच्या रचना दोन आहेत. पहिली कोरडी. तीत लोखंडी नळी धूर सरळ वर किंवा बाजूस नेते. इंजिन भारावर असताना ही नळी चारशे अंश सेल्सियसच्याही वर तापू शकते, म्हणून तिच्याभोवती उष्णतारोधक वेष्टन असते. दुसरी ओली. तीत इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी एका वाकड्या तुकड्यात धुरामध्ये सोडतात. त्यामुळे धूर निवतो आणि पुढे रबरी नळी वापरता येते. मोटार लाँच व विहारनौकांवर ही ओली रचना अधिक आढळते. उष्ण आम्लयुक्त धूर आणि खारे पाणी यांची गाठ त्या वाकड्या तुकड्यात पडते. म्हणून तो सर्वांआधी आणि आतून सडतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आतील धातू मात्र कागदासारखा पातळ झालेला असतो.

तापीमुखाची विशेष अडचण

खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वाधिक आहे आणि पाणी गढूळ असते. ओहोटीस लाँच गाळात बसते. पाणी पुरेसे चढण्यापूर्वीच इंजिन सुरू केले, तर पंप पाण्याऐवजी चिखल ओढतो. बारीक रेतीने पंपातील रबरी पंखा झिजतो, गाळाने पाण्याच्या वाटा चोंदतात आणि धुरात पडणारी धार बारीक होते. अशा वेळी रबरी नळी आतून भाजते. तिचा आतील थर सुटून लोंबू लागतो व धुराची वाट अडवितो. तेव्हा नळी फुटल्यावर दोष नळीचाच आहे असे न मानता आधी पंप व गाळणी पाहावी. मूळ कारण राहिले, तर नवी नळीही लवकर जाईल.

लक्षणे कोणती?

सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा, गंजाचे ओघळ, मिठाची पांढरी पुटे, इंजिनाच्या खणात वाफ किंवा धुराचा वास, तळाशी वारंवार साचणारे खारे पाणी आणि मागील तोंडातून कमी पडणारी धार ही गळतीची लक्षणे होत. शंका असल्यास थंड इंजिन सुरू करताच, नळी तापण्यापूर्वी, सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तेथे गळती आहे.

सर्वांत गंभीर लक्षण मात्र माणसांत दिसते. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्यास हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. डिझेल इंजिनात तो पेट्रोल इंजिनापेक्षा कमी निर्माण होतो, परंतु बंद केबिनमध्ये तोही साठू शकतो.

एक प्रसंग कल्पून पाहू. एक जुनी लाँच पहाटे मगदल्ल्याहून निघाली आहे. गारव्यामुळे केबिनची दारे बंद आहेत. आत दोन खलाशी झोपले आहेत. तिसऱ्याचे डोके दुखते, मळमळते. तांडेल म्हणतो, “अरे, दर्या लागला असेल, जरा पडून राहा.” हाच सल्ला जीवघेणा ठरतो, कारण दर्या लागणे आणि वायूची बाधा यांची पहिली लक्षणे सारखीच असतात, आणि झोपलेल्यास तर ती जाणवतही नाहीत. दर्यावर्दी मनुष्यास शांत पाण्यात मळमळले किंवा एकाच वेळी दोघातिघांचे डोके दुखू लागले, तर प्रथम सर्वांना उघड्या हवेत आणावे, इंजिन बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि किनाऱ्यास लागताच डॉक्टरांकडे न्यावे. वारा मागून येत असेल, तर गळती नसतानाही धूर मागील खिडकीतून केबिनमध्ये शिरतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती की बदल?

समुद्रात नळी फुटल्यास उष्णतारोधक पट्टी व क्लॅम्प लावून, सर्व झडपा उघड्या ठेवून, केबिनमध्ये कोणासही न बसविता, मंद गतीने परत यावे. ठिगळाचा उपयोग इतकाच. एक भोक पडले याचा अर्थ आसपासचा धातूही पातळ झाला आहे. त्यावर वेल्डिंग केले, तर टाका धरत नाही किंवा शेजारी दुसरे भोक पडते. शिवाय तेलकट तळ आणि वाळलेले लाकूड यांच्यामध्ये वेल्डिंग करणे म्हणजे आगीस आमंत्रण होय. नळी काढून किनाऱ्यावर आणावी, टोकदार हातोडीने ठोकून पाहावी आणि ती खचत असेल तेथे तुकडा न बदलता पूर्ण नळीच बदलावी. केवळ सांध्याचे गॅस्केट जळाले असेल व धातू भक्कम असेल, तर गॅस्केट व नटबोल्ट बदलणे पुरेसे असते.

नवी नळी बसविताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. नळीचा व्यास इंजिनाच्या निर्मात्याने सांगितल्यापेक्षा कमी नसावा. अरुंद नळीने धूर मागे कोंडतो व इंजिन तापते.

२. कोरड्या नळीत इंजिनालगत लवचीक तुकडा असावा आणि नळीचा भार स्वतंत्र आधारांवर असावा. इंजिनाच्या थरथरीने ताठ नळीचे सांधे तडकतात.

३. ओल्या रचनेत रबरी नळी नौकेच्या धुरासाठी बनविलेलीच घ्यावी. मोटारीच्या रेडिएटरची नळी चालणार नाही. प्रत्येक टोकास गंजरोधक पोलादाचे दोन क्लॅम्प लावावेत.

४. पाणी सोडण्याची जागा जलरेषेच्या पुरेशी वर असावी. ती जलरेषेपासून सुमारे पंधरा सेंटिमीटरच्या आत असेल, तर पाणी उलटे ओढले जाऊ नये म्हणून हवा घेणारी झडप बसवावी. पाणी सिलिंडरमध्ये शिरल्यास ते दाबले जात नाही आणि इंजिनाचे दांडे वाकतात. इंजिन सुरू होत नसताना वारंवार स्टार्टर फिरवीत असाल, तर समुद्राच्या पाण्याची झडप तेवढ्यापुरती बंद ठेवावी. इंजिन सुरू होताच ती उघडावी.

५. लाकडी पाटातून किंवा डेकमधून नळी जाते तेथे मोकळी जागा व धातूचे कडे ठेवावे. दीर्घकाळ तापलेले लाकूड हळूहळू कोळसा होते व पुढे कमी उष्णतेवरही पेट घेते.

काम झाल्यावर धक्क्याशी बांधूनच इंजिन चालवून पाहावे, नळी निवल्यावर नटबोल्ट पुन्हा आवळावेत आणि झोपण्याच्या केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे.

जुन्या वेष्टनाविषयी

जुन्या कोरड्या नळीवरील करडी-पांढरी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. एकेकाळी तिचा वापर सर्रास होत असे. तिची धूळ फुप्फुसात रुतते आणि अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. ती कोरडी असताना ओरबाडू नये, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि किनाऱ्यावर टाकून देऊ नये. योग्य मुखपट्टी असलेल्या जाणकाराकडून ती ओली करून काढावी, बंद पिशवीत भरावी व नवे वेष्टन काचतंतूचे घ्यावे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात. धूरनळी खोलून पाहण्यास हाच काळ योग्य. शिक्षकांनी खाऱ्या व गोड्या पाण्यात एकेक लोखंडी खिळा ठेवून दोहोंचा गंज आठवडाभर विद्यार्थ्यांस दाखवावा. नळी का सडते हे मुले घरी जाऊन वडिलांना सांगतील. लाँचचा पाट फुटला तर पाणी आत येताना दिसते आणि माणूस सावध होतो. नळी फुटली तर जे आत येते ते दिसत नाही. म्हणून ते येण्यापूर्वीच नळी पाहिली पाहिजे.