ऑइल जातं कुठे?

गाडीनं लाखाचा टप्पा ओलांडला की वेंगुर्ल्यात कुठल्याही मेस्त्रीकडे जा, पहिला सल्ला ठरलेला: इंजिन म्हातारं झालं, आता जाड ऑइल घाला. हा सल्ला पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच तो घात करतो. काही इंजिनांना थोडं जाड ऑइल खरंच मानवतं. पण ऑइल कमी का होतंय हे न बघता जाड ऑइल ओतत राहिलं तर इंजिनाच्या पोटात काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

माझी वॅगन-आर २०११ची, एक लिटरच्या के-टेन पेट्रोल इंजिनाची. मीटर दीड लाखाच्या पुढे गेलेला असताना घाटावरून विकत घेतली. आईला तपासणीसाठी गोव्यात बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात न्यावं लागतं. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांचा तो नेहमीचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर दगा न देणारी गाडी हवी एवढीच माझी अपेक्षा होती. घेताना धूर नव्हता, आवाज शांत होता. फक्त सकाळी पहिल्यांदा चालू केली की वरच्या बाजूनं टकटक येई आणि काही क्षणांत थांबे. मग एका संध्याकाळी परतताना, पत्रादेवीच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत उभे असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. ॲक्सिलरेटर दिला की विझायचा, सोडला की पुन्हा लागायचा. आई मागच्या सीटवर होती. गाडी कडेला घेऊन तिथेच बंद केली आणि बांद्याहून टेम्पो मागवून टोचन करून आणली. या दिव्याबद्दल एकच सांगेन: तो लागला की इंजिन त्याच जागी बंद. ‘घर जवळच आहे, हळूहळू जाऊ’ असं म्हणून पुढे नेलेल्या गाडीची बेअरिंगं जातात, आणि मग खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं तेव्हा ऑइल पंपाची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळा चिकट गाळ बसला होता. ऑइल पुरेसं होतं, पण पंपाला ते ओढताच येत नव्हतं. जुन्या मालकांना फोन केला. सज्जन माणूस, त्यांनी काही लपवलं नाही. गाडी निळसर धूर टाकू लागली तसं त्यांच्या ओळखीच्या एका गॅरेजनं तिच्यात २०डब्ल्यू-५० घालायला सुरुवात केली होती. विक्रीच्या आधी धूर दिसू नये म्हणून ऑइल आणखी दाट करणारी बाटलीही ओतली होती. धूर थांबला. पण ज्या कारणानं ऑइल जळत होतं ते तसंच राहिलं, आणि गाळ साठत गेला.

डब्यावरचे आकडे एकदा नीट समजून घ्या, मग कुणाच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही. ५डब्ल्यू-३० यातला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५वर. वेंगुर्ल्यात थंडीतल्या पहाटेही पारा सहसा १५च्या खाली जात नाही, त्यामुळे आपल्याकडे या आकड्याला कोणी किंमत देत नाही. गाडी चालू व्हायला त्यानं अडत नाही, हे खरंच. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. १०० अंशांना ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असतं, ४० नंबरचं १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे ३०वरून एकदम ५०वर गेलात तर ऑइल जवळपास दुप्पट दाट होऊ शकतं, आणि गार इंजिनात फरक त्याहून मोठा. के-टेनसारखं इंजिन ५डब्ल्यू-३० धरून बांधलेलं. त्याच्या टायमिंग चेनचा टेन्शनरही ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळची ती टकटक म्हणजे दाट ऑइल वरपर्यंत उशिरा पोचत होतं.

म्हणून ऑइल निवडण्याच्या आधीचं काम: ते जातं कुठे, हे शोधा. दोनच वाटा आहेत, गळणं किंवा जळणं. आपल्याकडे गळती ओळखणं अवघड, कारण चिऱ्याच्या अंगणात आणि लाल मातीत ऑइलचा थेंब जिरून जातो, डाग उठून दिसत नाही. रात्री गाडीखाली काजूच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी थेंब नेमका कशाखाली पडलाय ते बघा. बहुतेकदा टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ड्रेन नटाचा वॉशर किंवा क्रँकचं सील निघतं. समुद्राजवळच्या गाड्यांचं पत्र्याचं चेंबरही खाऱ्या हवेनं गंजून पाझरतं, हे मात्र घाटावरच्या मेस्त्रीला चटकन सुचत नाही.

जळणाऱ्या ऑइलची परीक्षा घ्यायला आंबोलीच्या घाटासारखी जागा नाही. वरून उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर रोखत आणा आणि दाणोलीच्या सपाटीला ॲक्सिलरेटर दाबून आरशात बघा. त्या क्षणी निळा लोट उठला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर: उतारावर ॲक्सिलरेटर सुटलेला असताना इंजिन ऑइल आत खेचतं आणि नंतर ते जाळतं. सकाळी चालू करताना तेवढा एक झोत येत असेल तरी कारण तेच. पण चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. पावसाळी सकाळी दिसणारी आणि थोड्या वेळानं विरणारी पांढरी वाफ वेगळी, तिला घाबरू नका. खात्री हवी असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर दोष व्हॉल्व्हच्या बाजूला. आणि या सगळ्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. हा बारकासा, स्वस्त भाग तुंबला की इंजिनात दाब कोंडतो, चांगली सीलंसुद्धा गळू लागतात, आणि माणूस पूर्ण इंजिन काम करायला निघतो.

मग ऑइल कोणतं? सुरुवात मॅन्युअलमधल्या नंबरापासून. ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी उतरत नसेल, तर मीटर दोन लाख दाखवत असला तरी तोच नंबर. थोडं जळत असेल, तर एकच पायरी वर: ५डब्ल्यू-३०च्या जागी ५डब्ल्यू-४०. पन्नासचा डबा अशा इंजिनासाठी नाहीच. मात्र जुन्या मारुती ८००, ओम्नी किंवा सुमोला हा हिशोब जसाच्या तसा लावू नका, त्यांच्या पुस्तकातले नंबर वेगळे आहेत. डब्यावरच्या एपीआय दर्जाच्या अक्षरांत ‘एस’नं सुरू होणारी पेट्रोलची, ‘सी’नं सुरू होणारी डिझेलची. पेट्रोलमध्ये एसएन २०१०चं, एसपी २०२०चं, आणि नवं अक्षर जुन्या पेट्रोल गाडीला चालतं. बंदरावर ट्रॉलरसाठी येणारं ऑइल सुटं, स्वस्त मिळतं आणि ते कारमध्ये घालणारे आहेत. ते एका वेगानं तासन् तास चालणाऱ्या डिझेल इंजिनासाठी असतं. डब्यावर ‘एस’चं अक्षर छापलेलं नसेल तर ते पेट्रोल गाडीत घालू नका, आणि सुट्या ऑइलला तर डबाच नसतो.

‘हाय मायलेज’ नावाची ऑइलं २०००पासून, व्हॅल्वोलिनच्या मॅक्सलाइफपासून बाजारात आहेत. साधारण सव्वा लाख किलोमीटर पार केलेल्या गाड्यांसाठी ती असतात. वाळून आक्रसलेल्या सीलांना मऊ करणारे घटक त्यांत असतात. पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब पडत असतील तर त्यांचा उपयोग होतो. फाटलेलं सील मात्र कुठलंही ऑइल शिवत नाही.

वेंगुर्ल्यात ऑइलच्या नंबराइतकंच महत्त्व ते किती काळ आत राहिलं याला आहे. आपल्या गाड्या चालतात तरी किती? घर ते बाजार, बाजार ते कॅम्प, फार तर उभादांड्यापर्यंत. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण झिजलेल्या रिंगांमधून थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल चांगलं तापलं तर ते उडून जातं, पाच मिनिटांच्या फेरीत मात्र तापतच नाही. फिलर कॅपच्या आत पिवळसर साय धरली असेल तर हेच चाललं आहे. उपाय सोपा: आठवड्यातून एकदा गाडी शिरोड्याला किंवा सावंतवाडीला घेऊन जा. आणि ऑइल किलोमीटरवर नव्हे, महिन्यांवर बदला. सहा महिन्यांनी, त्यातली एक वेळ पावसाळा सरल्यावर. मुंबईकरांच्या ज्या गाड्या गावच्या मांगरात झाकून असतात आणि गणपतीला आणि मे महिन्यात बाहेर निघतात, त्यांनाही हाच नियम. नुसती अंगणात पाच मिनिटं चालू ठेवून बंद करण्यानं त्यांचं नुकसानच होतं.

इंजिनात आधीच गाळ असेल तर ‘फ्लश’ मारायचा मोह टाळा. सुटलेला गाळ सरळ पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. आमच्या मेस्त्रीनं चेंबर उतरवून जाळी हातानं साफ केली, पीसीव्ही आणि व्हॉल्व्ह सीलं बदलली, ५डब्ल्यू-४० भरलं, आणि पहिल्या दोन वेळा दीड-दोन हजार किलोमीटरलाच ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायला लावले. पहिल्या वेळचं ऑइल डांबरासारखं उतरलं, दुसऱ्या वेळचं बरंच निवळलेलं होतं. टकटक गेली. गाडी आता बांबोळीला जाऊन येते आणि पट्टीवर फारसा फरक दिसत नाही.

ती पट्टी बघायची ती सकाळी, इंजिन गार असताना, सपाट जागी. घाटीवरच्या अंगणात ती खोटं सांगते. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका, ऑइल घुसळून फेसाळतं. न भरता पातळी वाढत असेल तर पेट्रोल किंवा पाणी मिसळतं आहे, वास घेऊन बघा आणि गाडी थांबवा. दर हजार किलोमीटरला किती ओतलं ते वहीत मांडा. अनेक कंपन्या एक लिटरपर्यंतचा खप चालवून घेतात, पण अर्धा लिटर ओलांडला की मी ऑइल बदलून बघणं सोडून रिंगांच्या कामासाठी पैसे बाजूला काढेन. उतरवलेलं जुनं ऑइल अंगणात ओतू नका. चिरा सच्छिद्र आहे आणि विहीर जवळ असते. कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात द्या.