युक्त आचार आणि नित्याचा व्यवसाय

विचाराची परिणती आचारात झाली पाहिजे, हा धर्ममार्गाचा पाया होय. सूत्रपाठात विचार आणि आचार अशी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. विचार कळला म्हणजे आचार आपोआप घडतो असे नाही, हे साधकाने त्यावरून ओळखावे. तंबाखू घातक आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याही कमरेची चंची सुटत नाही. पहाटे उठावे हे ज्याला पटले आहे, तोही मध्यरात्र उलटल्यावाचून निजत नाही. कळणे आणि वळणे यांतील हे अंतर कसे तुटावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात सोळाव्या व सतराव्या श्लोकांत भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींनी यासंबंधी स्पष्ट निरूपण केले आहे. अति खाणाऱ्यास योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. अति निजणाऱ्यास साधत नाही, तसा सतत जागणाऱ्यासही नाही. आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती या पाचही ठिकाणी जो 'युक्त' असतो, त्याचेच दुःख योग हरण करतो. येथे 'कर्म' हा शब्द विशेष ध्यानात घ्यावा. पोटासाठी करावयाच्या उद्योगालाही माप असावे, असा त्याचा आशय आहे. म्हणून हा उपदेश संन्याशाइतकाच गृहस्थ वासनिकालाही लागू पडतो.

याचे प्रत्यंतर कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी येथे पाहावे. हातकणंगले तालुक्यातील हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी, दूरवर प्रसिद्ध आहे. येथील पुष्कळसे काम घरोघरी वाटलेले असते. एका घरी तार निघते, दुसऱ्या घरी कड्या होतात. कोठे घुंगरू, कोठे झाळकाम, तर कोठे उजाळा. घरच्या स्त्रियाही स्वयंपाकपाणी आटोपून कड्या जोडावयास बसतात. घर हेच कामाचे ठिकाण झाल्यामुळे तेथे भोंगा वाजत नाही आणि सुटीची घंटाही होत नाही. सण व लग्नसराई जवळ आली की रात्री जागवाव्या लागतात. मागणी ओसरली की दिवस रिकामे जातात. कारखान्यात जो नियम बाहेरून लादला जातो, तो अशा ठिकाणी मनुष्याने स्वतःच स्वतःस घालून घ्यावा लागतो.

या धंद्यात धातूचा हिशेब फार चोख असतो. चांदी तोलून घ्यावयाची, दागिना तोलून द्यावयाचा आणि मध्ये झालेल्या घटीचा जाब द्यावयाचा. जमिनीवर सांडलेला कीसही वाया जात नाही. झारलोटीची माती धुऊन झारेकरी तीतून कण वेगळे काढतो. जो कारागीर रतीभर चांदीसाठी इतका जपतो, त्याच्या निजेची, दृष्टीची आणि श्वासाची घट मात्र कोणी तोलत नाही. ती घट एकाएकी दिसत नाही. दिसू लागते तेव्हा घरातील मिळवता हात थांबलेला असतो आणि त्याचा भार बायकामुलांवर पडतो.

अंगी नियम कसा बाणवावा, हे त्याच कारागिराच्या हातातील तार शिकविते. जाड तार एकदम बारीक छिद्रातून ओढली तर ती तुटते. म्हणून जंत्रीच्या एकेका छिद्रातून ती क्रमाने ओढावयाची. शिवाय ओढता ओढता चांदी ताठर होते. तेव्हा तिला मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. शुद्ध चांदी सुमारे 962 अंश सेल्सियसला वितळते. मऊ करण्याचा ताव त्याहून बराच खाली ठेवावा लागतो. ताव चुकला तर तार मऊ होण्याऐवजी वितळून जाते. मनाचेही तसेच आहे. एकाच दिवशी दहा नेम घेणारा आठवड्यात दहाही मोडतो. एक लहान नेम घ्यावा, तो अंगवळणी पडला की पुढचा घ्यावा, आणि मध्ये विश्रांतीस जागा ठेवावी.

मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, असे अर्जुनाने म्हटले असता, अभ्यास आणि वैराग्य यांनी ते आवरता येते असे उत्तर त्याला मिळाले. अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुनःपुन्हा करणे. आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 96 व्यक्तींना खाण्यापिण्याची वा व्यायामाची एकच सवय, दररोज ठराविक प्रसंगाला जोडून, 12 आठवडे पाळावयास सांगितली. 2010 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासानुसार सवय आपोआप घडू लागण्यास साधारणपणे 66 दिवस लागतात. कोणास 18 पुरतात, तर कोणास 254 लागतील असे अनुमान निघाले. एखादा दिवस चुकल्याने घडत आलेली सवय विशेष बिघडली नाही, हाही त्यांचा निष्कर्ष आहे.

हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. नेम चुकला की मनुष्य खचतो आणि 'आता सारेच गेले' म्हणून पूर्वीपेक्षा अधिक सैल वागतो. चुकीपेक्षा ही निराशाच अधिक नाश करते. योगमार्गावरून ढळलेल्याची गती काय, हा अर्जुनाचा प्रश्न याच भयातून आला होता. कल्याणकारी कर्म करणारा दुर्गतीस जात नाही, असे आश्वासन त्यास देण्यात आले. झालेली चूक कबूल करावी आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा आरंभ करावा. मात्र या आश्वासनाचा आधार घेऊन मुद्दाम नेम मोडणे, ही स्वतःचीच फसवणूक होय.

आता व्यवहारातील काही नेम पाहू. प्रातःस्मरण झाल्यावाचून कामास हात लावू नये. त्यामुळे दिवसाचा आरंभ निश्चित होतो. झाळकाम वाहत्या हवेत करावे. काही झाळणांत कॅडमियम असते व त्याची वाफ फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. शक्य तेथे कॅडमियमविरहित झाळण वापरावे. हात स्वच्छ धुतल्यावाचून अन्नास स्पर्श करू नये. बारीक कामात मधूनमधून दृष्टी दूरवर न्यावी आणि उठून पाठ सरळ करावी. तंबाखूने मुखाचा कर्करोग होतो; ज्या घटकेला चंचीकडे हात जातो, त्याच घटकेला पाणी पिण्याचा वा नामस्मरणाचा नेम जोडावा. मागणी कितीही असली तरी निजण्याची वेळ आधी ठरवावी आणि मगच काम अंगावर घ्यावे.

रात्री दागिन्यांचा तोल झाल्यावर दिवसाचाही तोल करावा. आज कोणता नेम पाळला, कोणता चुकला आणि उद्या आरंभ कोठून करावयाचा, एवढे तीनच प्रश्न पुरेत. जो एवढा हिशेब नित्य ठेवतो, त्याचा विचार हळूहळू आचारात उतरतो.