भजनातील श्रोत्यांची साथ

गळा गोड असूनही समोरचा श्रोतृवृंद चुळबूळ का करू लागतो, याचे उत्तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीभजनात सापडते. खंजिरी एका हातात धरून दुसऱ्याने वाजवावयाची. त्यामुळे गाणाऱ्याची मान पेटीवर किंवा वहीत अडकत नाही. चेहरा लोकांकडे राहतो.

खरे मर्म ध्रुपदात आहे. गाणाऱ्याने ते म्हणावे आणि श्रोत्यांनी झेलून परत करावे. म्हणून ते आखूड, सोपे व मध्यम पट्टीत हवे. मुले हौसेने काळी पाच धरतात; पुरुषांच्या गळ्यास ती झेपत नाही, आणि लोक गप्प बसले की आपण त्यांना अरसिक म्हणून मोकळे होतो! आरंभ संथ असावा. साथ भरून आल्यावरच लय वाढवावी.

महाराजांनी मराठी व हिंदी दोन्हींत पदे रचली. जामसांवलीस निद्रिस्त मारुतीपुढे सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी शेतकरी आणि छिंदवाड्याकडील हिंदीभाषक शेजारी बसतात. ध्रुपद दोघांनाही उचलता यावे. आम्ही कोकणी घरातले, घुमटाच्या आरतीवर वाढलेले. इकडची भजने आमच्या ओठी आली ती ध्रुपदामुळेच. अर्थ मागाहून कळला.

ध्वनिक्षेपकाने आवाज दूर जातो खरा, परंतु श्रोत्यांचा प्रतिसाद त्यात बुडतो. यास्तव कडवे संपताच तोंड त्यापासून दूर करून लोकांचे ध्रुपद ऐकावे. ते आले नाही, तर पुढील कडव्याची घाई न करता ध्रुपदच पुन्हा घ्यावे.