थांबलेली धाव पुन्हा सुरू करताना



मागच्या महिन्यात आमच्या अप्पर इंदिरानगरमधल्या एक भगिनी भेटल्या. वय ४२. म्हणाल्या, "ताई, पाच वर्षांपूर्वी मी ४२ किलोमीटर धावले होते. आता अप्पर डेपोचा चढ चढतानाही धाप लागते. वय झालं म्हणायचं का?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी मीच तो स्वतःला विचारला होता आणि 'हो, वय झालं' असे उत्तर देऊन दोन वर्षे वाया घालवली होती. म्हणून या वेळचे आरोग्य पान अशा सर्वांसाठी, ज्यांनी एकेकाळी नियमित धावण्याचा सराव केला, मध्ये काही कारणाने तो सुटला आणि आता पुन्हा उभे राहायचे आहे.

पुन्हा जमते का?

जमते. परभणीच्या ज्योती गवते यांचे उदाहरण पाहा. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात त्या २०११ साली पहिल्या आल्या. त्यानंतर पुन्हा पहिला क्रमांक मिळवला तो २०१७ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. वेळ होती २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद. पुढे २०१९ मध्ये त्याच स्पर्धेत त्या २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंदांत धावल्या. म्हणजे पाच मिनिटांनी सुधारणा. पण त्या वर्षी सुधा सिंग पुढे होत्या, त्यामुळे क्रमांक दुसरा आला. यातून शिकायचे ते एवढेच की आपली प्रगती आपल्याच घड्याळावर मोजावी. शेजारी कोण धावते यावर ती ठरत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कॅथरीन स्विट्झर यांचे. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये त्या २६१ क्रमांक लावून धावत होत्या. बाईने धावायचे नाही म्हणून स्पर्धेच्या एका अधिकाऱ्याने त्यांचा क्रमांक ओढून त्यांना बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. त्यांनी शर्यत पूर्ण केली. बोस्टनमध्ये महिलांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये. याच स्विट्झर २०१७ साली, वयाच्या ७० व्या वर्षी, त्याच रस्त्यावर तोच २६१ क्रमांक लावून पुन्हा धावल्या आणि ४ तास ४४ मिनिटांत पोहोचल्या.

वयाने वेग थोडा कमी होतो, हे खरे. पण चाळिशीत चढावर दम लागतो त्याचे कारण दर वेळी वय नसते. ते कारण शोधावे लागते.

माझी चूक

मी ३९ व्या वर्षी पहिली पूर्ण मॅरेथॉन ५ तास ६ मिनिटांत पूर्ण केली. त्यानंतर हळूहळू वेग मंदावला. आधी २० किलोमीटरला थकायचे, मग १० ला, मग ५ ला. जिना चढताना छातीत धडधड, दुपारी डोके दुखणे, केस गळणे. पाळीत आठ-आठ दिवस रक्तस्राव. मी डिप्लोमा केलेली नर्स. वस्तीतल्या शेकडो बायांना 'हिमोग्लोबिन तपासा' असे सांगणारी. पण स्वतःचे रक्त तपासले नाही. एका दवाखान्यात दाखवले तर तपासणी न करताच सांगितले, "चाळिशी आली, आता चालत जा फक्त." मला ते पटले, कारण तेच सोयीचे होते.

शेवटी एका आरोग्य शिबिरात बायांच्या रांगेत मीही बोट पुढे केले. हिमोग्लोबिन ८.६. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. औषधाने रक्तस्राव आटोक्यात आला, लोहाच्या गोळ्या पाच-सहा महिने घेतल्या, तेव्हा हिमोग्लोबिन १२.४ झाले. त्याआधी जो दम लागत होता तो माझ्या फुप्फुसांचा दोष नव्हता. प्राणवायू वाहून नेणारे रक्तच कमी पडत होते.

आधी रक्त, मग बूट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. देशाचा आकडा ५७ टक्के. म्हणजे आपल्या घरातल्या दोन बायांपैकी एकीला. धावणाऱ्या बाईच्या बाबतीत पाळीतून लोह जातेच, घामातूनही थोडे जाते आणि पाय जमिनीवर सतत आपटल्याने काही तांबड्या पेशी फुटतात.

म्हणून पुन्हा धावण्याआधी पुढील तपासण्या करून घ्या.

पहिली, रक्ताची पूर्ण तपासणी. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा. घरात कुणाचे कामगार विमा कार्ड असेल तर बिबवेवाडीतच ई.एस.आय. रुग्णालय आहे.

दुसरी, फेरिटिन. ही शरीरातल्या लोहाची शिल्लक. हिमोग्लोबिन ठीक असूनही शिल्लक संपलेली असू शकते आणि धावणाऱ्याला ती आधी जाणवते. तापात किंवा आजारपणात हा आकडा खोटा वाढतो, त्यामुळे बरे वाटल्यावर तपासावा.

तिसरी, सिकलसेल. विदर्भातल्या अनेक समाजांत, आपल्या समाजातही, हा आनुवंशिक दोष आढळतो. ज्यांचे मूळ गाव तिकडचे आहे त्यांनी ही तपासणी एकदा जरूर करावी. नुसते वाहक असणारे धावू शकतात. पण त्यांनी सराव फार हळू वाढवावा, उन्हात आणि तहानलेले असताना धावू नये आणि मांड्या-पाठीत अचानक तीव्र दुखणे किंवा कमजोरी आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सराव सुरू करू नये.

चौथी, रक्तदाब आणि साखर. चाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ई.सी.जी.ही काढावा.

लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. थॅलेसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन कमी असते, पण नुसत्या लोहाने ते वाढत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांपासून दोन तास लांब ठेवावी. शौचास काळे होते, घाबरू नये. हिमोग्लोबिन भरले की गोळी लगेच बंद करू नये. शिल्लक भरायला आणखी सुमारे तीन महिने लागतात.

दम लवकर येतो, हाडे उशिरा

माझे रक्त भरले आणि मी दुसरी चूक केली. चार-पाच आठवड्यांतच दम परत आला, पाय हलके वाटू लागले. मी जुना वेग पकडला. सातव्या आठवड्यात डाव्या नडगीवर एका बोटाएवढ्या जागेत दुखू लागले. दाबले की कळ यायची. हाडावर ताण आला होता. सहा आठवडे धावणे बंद.

असे का होते ते समजून घेऊ. धावणे थांबले की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातील द्रव कमी होतो, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जाते आणि दम घटतो. सराव सुरू केला की तो तसाच लवकर परतही येतो. पण हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, यांना मजबूत व्हायला कित्येक महिने लागतात. जुन्या धावपटूचा घात इथेच होतो. नवखा माणूस दमतो म्हणून थांबतो. अनुभवी माणसाला दम पुरतो, मनाला जुना वेग ठाऊक असतो आणि हाड मात्र अजून तयार नसते.

आखणी कशी करावी

पहिले तीन आठवडे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. मग तीस मिनिटांत चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट धावणे, असे आलटून पालटून. दर आठवड्याला धावण्याचे मिनिट थोडे वाढवावे. सलग अर्धा तास धावता येऊ लागले की आठवड्यातून तीनच दिवस धावावे, मध्ये एकेक दिवस सोडून. दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पायरीवर टाचा वर-खाली करणे, एका पायावर उभे राहणे.

वेग मोजायला घड्याळ नको. धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. तेवढाच वेग बरोबर. एका आठवड्यात एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्याला ते कमी करावे.

आपल्या बिबवेवाडीत सपाट रस्ता कमी, चढ-उतार जास्त. पहिले दोन महिने अप्परचा उतार धावत उतरू नका. चढापेक्षा उताराला गुडघ्यावर आणि नडगीवर भार जास्त येतो. तळजाईची मातीची वाट पायाला सोयीची. अंधारात एकटीने न जाता दोघी-तिघी मिळून जा.

पूर्ण मॅरेथॉनचा विचार करायचा तो सलग तासभर आरामात धावता आल्यावर. तिथून पुढे चार ते पाच महिने. आठवड्यातली एक धाव लांब आणि संथ, ती वाढवत सुमारे ३० किलोमीटरपर्यंत न्यावी. स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपासून अंतर कमी करत यावे.

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा. एखाद्या दिवशी ती नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त असेल तर त्या दिवशी विश्रांती.

खाणे आणि पाणी

महागड्या पावडरी लागत नाहीत. भाकरी, मोड आलेली मटकी, कुळीथ, शेंगदाणे, अळीव, राजगिरा, अंडी. जे मांसाहार करतात त्यांना कलेजी आणि मटणातून मिळणारे लोह शरीर सहज शोषते. डाळ-उसळीवर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको. बायांनी सगळ्यांना वाढून उरेल ते खायचे आणि वर धावायचे, हे चालणार नाही. पोटात कमी आणि पायावर जास्त असे झाले की पाळी चुकते, हाडे ठिसूळ होतात.

पाणी तहानेप्रमाणे प्या. फार पाणी पिणेही धोक्याचे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी निघाले. हळू धावणाऱ्या, वाटेत प्रत्येक टेबलावर पाणी पिणाऱ्या लोकांना हा धोका जास्त. बोटे सुजणे, उलटी, डोकेदुखी, बरळणे ही लक्षणे दिसली तर आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

धावण्याआधी डिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला इजा करू शकते.

तिथेच थांबा

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर येऊन पडणे, ठोके चुकणे, कामाच्या मानाने फार जास्त धाप, चहाच्या रंगाची लघवी, हाडावर एकाच बिंदूत दुखणे. यांपैकी काहीही झाले तर धाव थांबवून डॉक्टरांकडे जा. ताप असताना धावू नका. डेंग्यू, करोनासारख्या आजारानंतर आधी नुसते चालून पाहा. चालताना छाती दुखली किंवा धडधडले तर तपासणीशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटचे

नडगी बरी झाल्यावर मी पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली. या वेळी वही ठेवली, दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पाहिले. ४५ व्या वर्षी पुण्यातल्या एका मॅरेथॉनमध्ये ४ तास ५८ मिनिटांत पोहोचले. पहिल्यापेक्षा आठ मिनिटे आधी. त्या आठ मिनिटांत माझ्या जिद्दीपेक्षा लोहाच्या गोळ्यांचा, अळिवाचा आणि चुकवलेल्या घाईचा वाटा मोठा आहे.

त्या अप्परच्या भगिनीचा अहवाल परवा आला. हिमोग्लोबिन ९.१. आता त्यांचे औषध सुरू आहे. धावणे बंद, चालणे चालू. त्यांना मी एवढेच सांगितले, वय झाले की नाही ते रक्त भरल्यावर ठरवू.

आपणही या आठवड्यात तपासणी करून घ्या. सोबत घरातल्या आणि शेजारच्या दोघींना न्या. अहवाल जपून ठेवा आणि त्यावर तारीख लिहायला विसरू नका.