चहा पिण्याचे फायदे : कोणाला, किती आणि कधी?



वर्गात एकदा सहज विचारलं, "आज सकाळी काय खाऊन आलात?" बऱ्याच मुलांचं उत्तर एकच, "चहा-चपाती." काहींचं "चहा-बिस्कीट." म्हणूनच आज चहाविषयी थोडं बोलूया.

चहाचे फायदे

काळा चहा असो वा ग्रीन टी, दोन्ही एकाच झाडाच्या पानांपासून बनतात. फरक फक्त प्रक्रियेचा.

१) चहातील कॅफिनमुळे मरगळ जाते, तरतरी येते.
२) थिअनिन या घटकामुळे मन शांत राहायला मदत होते.
३) चहात पॉलिफेनॉल ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये भरपूर असतात.
४) बिनसाखरेच्या कोऱ्या चहात उष्मांक जवळजवळ नसतातच.
५) आलं घातलेला गरम चहा सर्दीत घशाला आराम देतो.

पण हे फायदे मोठ्यांसाठी, आणि तेही बेताने घेतल्यास. शिवाय आपण दोन-दोन चमचे साखर घालतो, तेव्हा चौथा फायदा तिथेच संपतो!

मग मुलांनी चहा का टाळावा?

कारण आहे लोह. चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतं, त्यामुळे पालेभाजी, नाचणी, डाळी यांतलं लोह शरीराला नीट मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतात पाच वर्षांखालील सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुलं पुढे आपल्या वर्गात येतात. लवकर थकणारं, लक्ष न लागणारं मूल आळशीच असेल असं नाही, त्याच्या अंगात रक्त कमी असू शकतं. शाळेत आपण लोहाच्या गोळ्या देतो, पण गोळीच्या आगेमागे चहा झाला तर तिचा उपयोग कमी होतो.

दुसरं म्हणजे चहाने भूक मरते. पोट भरल्यासारखं वाटतं, पण पोषण मिळत नाही. आणि संध्याकाळी उशिरा प्यायला तर झोपही उडते.

वर्गात करून पाहा

एका ग्लासात कोरा चहा घ्या, त्यात एक स्वच्छ लोखंडी खिळा रात्रभर ठेवा. सकाळी चहा काळाशार झालेला दिसेल. लोह आणि टॅनिन एकत्र आले की काय होतं, ते मुलांना लगेच कळतं. (हा चहा कोणी पिणार नाही याची काळजी घ्या.)

घरी काय करता येईल?

• मोठ्यांनी जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा टाळावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितलं आहे.
• जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असू द्या. त्यातलं 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.
• मुलांना चहाऐवजी दूध, नाचणीची पेज किंवा ताक द्या.
• चहाचाच हट्ट असेल तर चहापावडर न घालता गवती चहाची पात उकळून दूध घाला. नावात चहा असला तरी त्यात कॅफिन नसतं.

पालकहो, चहा एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही. सकाळचा आल्याचा चहा मलाही लागतोच! पण आपला कप आपल्यापुरता ठेवूया. मुलाच्या ताटलीत चपाती असू द्या, फक्त सोबत चहाऐवजी भाजी किंवा डाळ द्या. एवढा एक बदल उद्यापासून करून पाहाल ना?