कालव्यावरचे शिक्षण

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उस्मानपुरा हा भाग लागतो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या दोन्ही संस्था याच परिसरात आहेत. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच १९६० साली येथील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्यातील तरुणाला अभियंता होण्याची वाट आपल्याच भागात मोकळी झाली. पुढे पाचच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९६५ रोजी, तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठण येथे जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली. उस्मानपुऱ्यातील वर्गात धरणाचा पाया, मातीकाम व काँक्रीट यांचे शास्त्र शिकलेल्या पिढीपुढे एवढे मोठे काम घराजवळच उभे राहिले होते.

सुमारे दहा किलोमीटर लांबीचे धरण, सत्तावीस दरवाजांचा सांडवा, डाव्या बाजूस २०८ आणि उजव्या बाजूस १३२ किलोमीटर लांबीचे कालवे असा या प्रकल्पाचा पसारा आहे. धरणाचे उद्घाटन १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्यानंतर मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटले. बांधणाऱ्या अभियंत्याचे काम मोजपट्टीने तपासता येते. भिंत नकाशाप्रमाणे उभी राहिली की काम झाले. पाणी वाटणाऱ्या अभियंत्याचे काम दर पाळीला नव्याने सुरू होते आणि त्याचा तपासनीस म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला असलेला शेतकरी. धरण शंभर टक्के भरले आणि टोकाच्या शेतात पाणी पोहोचले नाही, तर त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने धरण कोरडेच होय.

ज्या शिक्षणाच्या बळावर नोकरी मिळाली ते शिक्षण नोकरीच्या मध्यावर अपुरे ठरावे, असा हा प्रसंग होता. शासनाने त्याची दखल घेतली आणि १९८० साली जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजेच वाल्मी, स्थापन केली. उस्मानपुऱ्याहून पैठणकडे निघाले की वाटेत कांचनवाडी येथे या संस्थेचा परिसर लागतो. अभियंता, कृषी अधिकारी आणि समाजशास्त्राचा अभ्यासक यांनी एकत्र बसून पाण्याचा विचार करावा, हे या संस्थेचे वेगळेपण. पंधरा-वीस वर्षे सेवा झालेला उपअभियंता येथे पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर बसला आणि पिकाची मुळे किती खोल जातात, काळी जमीन पहिले पाणी कसे गिळते, शेतकरी रात्रीच्या पाळीला का कंटाळतो, हे प्रश्न त्याने प्रथमच अभ्यासाचे विषय म्हणून हाताळले. वयाच्या चाळिशीत पुन्हा वही हाती घेणे सर्वांनाच रुचते असे नाही. परंतु ज्यांनी ती घेतली, त्यांच्या कामाचा पोत बदलला.

येथे एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. वीस वर्षांची नोकरी म्हणजे वीस वर्षांचा अनुभव, की एकाच वर्षाच्या अनुभवाची वीस वेळा केलेली उजळणी? सेवापुस्तकात या दोहोंत फरक दिसत नाही. कालव्यावर मात्र तो दिसतो.

एक पाळी, एक वही

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. समजा, एका विमोचकातून दर सेकंदास ३० लिटर पाणी एका चारीत सोडले. तासाला ते १०८ घनमीटर होते. एका हेक्टरला ७५ मिलिमीटर खोलीचे पाणी द्यावयाचे, तर ७५० घनमीटर लागतात, म्हणजे जवळजवळ सात तास. सात दिवस, रात्रंदिवस चारी चालली तर १६८ तासांत २४ हेक्टर भिजावयास हवेत. कार्यालयात बसून केलेला पाळीचा कार्यक्रम याच आधारे तयार होतो आणि कागदावर त्यात काहीही चूक नसते.

आता प्रत्यक्ष चारीवर मोजणी केली आणि फुटलेल्या अस्तरातून व गवताने भरलेल्या तळातून पाझरता पाझरता शेतात केवळ २० लिटर पोहोचत आहेत असे आढळले, तर तासाला ७२ घनमीटरच मिळतात. एका हेक्टरला साडेदहा तास लागतात आणि सात दिवसांत सोळा हेक्टरच भिजतात. उरलेले आठ हेक्टर कोणाचे? चारीच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी आधी पाणी घेतले असेल, तर ते शेवटच्या टोकाचे. महाराष्ट्रात रूढ असलेल्या शेजपाळीत पाणी टोकाकडून मुखाकडे द्यावे अशी रीत आहे, ती याच अन्यायाला आळा घालण्यासाठी. पण ती पाळली जाते की नाही, हे कार्यक्रमाच्या तक्त्यावरून कळत नाही.

या ठिकाणी दोन अभियंते दोन प्रकारे वागू शकतात. पहिला अभियंता शेतकऱ्यांच्या तक्रारीवर ‘पाणी नियमानुसार सोडण्यात आले’ असा शेरा लिहितो. हा शेरा खोटा नाही, पण त्यातून कोणीच काही शिकत नाही. दुसरा अभियंता वहीत चार गोष्टी नोंदवितो: काय अपेक्षित होते, प्रत्यक्ष काय घडले, तफावतीचे कारण काय दिसते आणि पुढील पाळीत काय बदलून पाहावयाचे. चौथी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याशिवाय उरलेल्या तीन म्हणजे केवळ कैफियत. पुढील पाळीच्या आधी गवत काढून पाहिले आणि २० चे २४ लिटर झाले, तर तळातील गवत हे एक कारण होते हे सिद्ध झाले. काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. कदाचित रात्री कोणी पाणी धरत नाही आणि ते नाल्याला जाऊन मिळते. ज्या अधिकाऱ्याने रात्री अकरा वाजता चारीवर फेरी मारलेली नाही, त्याला हे कारण कोणत्याही प्रशिक्षण वर्गात सापडणार नाही.

या विचाराला तात्त्विक बैठकही आहे. ज्यांनी या शहरात १९५० साली महाविद्यालय सुरू केले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथील त्यांचे एक प्राध्यापक जॉन ड्यूई यांनी विचारप्रक्रियेचे जे विवेचन केले, त्याचा आशय असा की, नुसती कृती म्हणजे अनुभव नव्हे. कृती आणि तिचा परिणाम यांचा संबंध माणसाने जुळवून पाहिला, तरच तो शिकतो. पुढे अमेरिकेतीलच डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वास्तुविशारद, अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ यांच्या कामाचा अभ्यास मांडला. कुशल व्यावसायिक पुस्तकातील सूत्र जसेच्या तसे लावत नाही. काम चालू असतानाच तो स्वतःच्या कृतीकडे पाहतो आणि ती दुरुस्त करीत जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडील अनुभवी पाटकऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. चारीतील पाण्याच्या आवाजावरून तो प्रवाहाचा अंदाज घेतो. त्याची अडचण एवढीच की, तो हे कोणाला लिहून देत नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही.

दैनंदिनीचे काय झाले?

शासकीय सेवेत लेखनाची वाण नाही. फिरतीवर जाणारा अधिकारी फिरती दैनंदिनी सादर करतो. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालासोबत त्याला स्वतःच्या कामाचे स्वयंमूल्यनिर्धारण लिहावे लागते. या दोन्ही प्रथांचे मूळ हेतू उत्तम होते. अधिकाऱ्याने काय पाहिले, त्याला काय उमगले, हे वरिष्ठांना व त्याला स्वतःलाही कळावे, यासाठीच त्या होत्या. काळाच्या ओघात दैनंदिनी बहुतांशी प्रवास भत्त्याच्या देयकाची सोबती झाली. किती वाजता निघाले, किती किलोमीटर गेले, कोठे मुक्काम केला, एवढे तिच्यात अचूक असते. काय शिकले, यासाठी तिच्यात रकाना नाही.

स्वयंमूल्यनिर्धारणात उद्दिष्ट व साध्य यांचे आकडे येतात. फसलेल्या प्रयोगाला तेथे कोण जागा देईल? ‘या पाळीत आठ हेक्टर कोरडे राहिले, कारण माझा अंदाज चुकला’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याच्या पदरी खुलासा मागविणारे पत्र पडणार असेल, तर तो तसे लिहिणार नाही. म्हणून शिकण्याची वही आणि मूल्यमापनाचा कागद हे वेगळे ठेवणे इष्ट. पहिली वही अधिकाऱ्याची स्वतःची आहे. ती वरिष्ठाने तपासावी की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतात. परंतु महिन्यातून एकदा शाखा अभियंता, कालवा निरीक्षक आणि मोजणीदार यांनी तिच्यातील दोन-तीन नोंदींवर तासभर बसून चर्चा करण्यास कोणाचीच हरकत असू नये.

प्रशिक्षणाच्या सोयी कमी आहेत असेही नाही. पुण्याची यशदा ही राज्याची शिखर संस्था आहे. राज्याचे प्रशिक्षण धोरण २०११ साली जाहीर झाले. केंद्र शासनाने २०२० साली मंजूर केलेल्या कर्मयोगी अभियानामुळे संगणकावर व भ्रमणध्वनीवर घरबसल्या अभ्यासक्रम उपलब्ध झाले आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आणि कामात पडलेला फरक या दोन वेगळ्या बाबी आहेत. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा जो पहिला वर्ग सुरू झाला, तो मुळात सार्वजनिक बांधकामावरील कनिष्ठ नोकरांना शिकविण्यासाठी होता. काम आणि शिक्षण यांची फारकत त्या आरंभी नव्हती, ती नंतर झाली.

शेतकरीही अभ्यासात

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ साली आला, आणि पाणी वापर संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, द्यावे हे तत्त्व त्यात स्वीकारले गेले. यामुळे अभियंत्याच्या वहीला समोरून साक्षीदार मिळाला. पूर्वी किती पाणी सोडले हे खातेच सांगे. आता संस्थेचा पदाधिकारीही पट्टीवरील आकडा वाचू शकतो आणि आपल्या वहीतील नोंद पुढे करू शकतो. दोन वह्यांतील आकडे जुळले नाहीत तर सुरुवातीला वाद होतो हे खरे. पण कोणाच्या मोजणीत कोठे चूक झाली हे शोधताना दोन्ही बाजू जे शिकतात, ते भाषणांनी साधत नाही. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी जे नाव मिळविले, त्यामागे अशी वर्षानुवर्षांची हिशेबाची सवय आहे.

एक बाब तातडीची आहे. कालव्यावरील जुने कर्मचारी सेवानिवृत्त होत आहेत. कोणत्या विमोचकाची झडप अर्धी उघडली तरी पुरते, कोणत्या वळणावर दरवर्षी भराव खचतो, कोणत्या गावात आधी कोणाशी बोलले म्हणजे पाळी सुरळीत चालते, ही माहिती त्यांच्याबरोबर घरी जाते. बदली झालेला अधिकारी कार्यभार सोपविताना किल्ल्या, नोंदवह्या, जडवस्तूंची यादी आणि प्रलंबित प्रकरणे यांवर स्वाक्षऱ्या घेतो. त्या यादीत आणखी एका वहीची भर घालण्यास नवा शासन निर्णय लागत नाही. रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्यापूर्वी नव्याने आलेल्या शाखा अभियंत्याने मागील तीन वर्षांच्या नोंदी वाचल्या आणि निवृत्त कालवा निरीक्षकाला सोबत घेऊन मुखापासून टोकापर्यंत एकदा चारी पायी पाहिली, तर गवत कोठे काढावयाचे आणि अस्तर कोठे बुजवावयाचे, हे पाणी सुटण्याआधीच ठरविता येते. त्यासाठी आवर्तनापूर्वीचे दोन दिवस पुरेसे आहेत.