आमच्या घराची वही

माझ्या कपाटात एक जुनी दोनशे पानी वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर मी उर्दूत ‘घर’ एवढेच लिहिले आहे. आत मात्र निम्मे मराठी आणि निम्मे उर्दू आहे. कारण हिशेब मराठीत होता आणि पत्रांच्या नकला उर्दूत होत्या.

माझे वडील कुवेतला ड्रायव्हर होते. दाभोळच्या खाडीकाठी आमचे छोटे गाव आहे. तेथे आमचे जुने कौलारू घर होते. त्याचे वासे वाळवीने खाल्ले होते. दर पावसाळ्यात अम्मी घरभर पातेली मांडून ठेवी. शेवटी अब्बांनी नवे घर बांधायचे ठरवले. पण रजा मिळेना. जाण्यापूर्वी त्यांनी मला जवळ बोलावले आणि ही वही हातात दिली. मी तेव्हा सातवीत होतो.

“दर शुक्रवारी मला पत्र लिहायचं,” ते म्हणाले. “आठवड्यात काय काम झालं, किती खर्च झाला, सगळं लिहायचं. मी घर डोळ्यांनी पाहणार नाही. तू लिहिशील तेवढंच मला दिसेल.”

डिसेंबर २००१ मध्ये रमजान ईद झाली आणि पुढच्याच आठवड्यात पाया खणायला सुरुवात झाली.

आमचे गवंडी वयाने मोठे होते. सगळे त्यांना गवंडीबाबा म्हणत. उर्दूत आपण ज्याला मेमार म्हणतो, तोच मराठीतला गवंडी. पहिल्या दिवशी त्यांनी चार खुंट्या ठोकल्या आणि दोरी बांधली. मग एका कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण केली. या दोन खुणांमधले अंतर मोजले. ते बरोबर ५ फूट भरले, तेव्हा ते म्हणाले, “झाला कोपरा काटकोनात.” पायथागोरसचे प्रमेय मी पुढे नववीत शिकलो. गवंडीबाबांची शाळा चौथीतच सुटली होती, तरी ते प्रमेय त्यांच्या दोरीत होते.

त्यांच्या पिशवीत थापी, गुण्या आणि ओळंबा असे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले लोखंडी वजन, आपला साहूल. भिंत सरळ उभी राहते की कलते, हे ओळंबा सांगतो. गुण्याला मात्र उर्दूतही गुनियाच म्हणतात, हे मला फार आवडले. मी तसे पत्रात लिहिलेही.

आमच्याकडे भिंती विटांच्या नसतात. जांभ्या दगडाच्या असतात. जांभा खाणीतून चौकोनी कापून काढतात. अशा एका कापलेल्या दगडाला चिरा म्हणतात. जमिनीत असताना हा दगड मऊ असतो आणि उघड्या हवेत आला की हळूहळू कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारमध्ये हाच दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याला लॅटराइट असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. दगडात लोह असते, म्हणून त्याचा रंग तांबडा. चिऱ्यांचा ट्रक आला की आमच्या अंगणाला, कपड्यांना, दादीच्या पांढऱ्या ओढणीलासुद्धा तांबडी धूळ लागे.

जानेवारीत जोते झाले. मार्चच्या मध्यापर्यंत भिंती छपरापर्यंत आल्या. या तीन महिन्यांची पत्रे आज वाचताना कंटाळा येतो. ‘आज इतके चिरे आले, इतकी पोती सिमेंट आले, इतकी मजुरी दिली.’ अब्बांना मात्र ती पत्रे पाठ होती, असे त्यांचे सोबती पुढे सांगत.

छपरावरून घरात वाद झाला. दादीला कौले हवी होती. “स्लॅबखाली उन्हाळ्यात भाजून निघाल,” ती म्हणे. अब्बांना स्लॅब हवा होता, कारण त्यांना एक दिवस वर माडी चढवायची होती. स्लॅब ठरला. दादी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

गुरुवार, १८ एप्रिल २००२. ही तारीख मी वहीत लाल शाईने लिहिली आहे. त्या दिवशी स्लॅब पडला. खाली बांबूंचे टेकू आणि फळ्या, वर सळयांची जाळी. सळया फळ्यांना टेकू नयेत म्हणून गवंडीबाबांनी त्यांच्याखाली सिमेंटचे लहान ठोकळे ठेवले होते. सळईभोवती सगळीकडून काँक्रीट असले पाहिजे, नाहीतर तिला हवा आणि ओल लागते, असे त्यांनी मला समजावले. सकाळी सातला काम सुरू झाले आणि मगरिबच्या अजानेच्या वेळी संपले. अम्मीने सर्वांना बिर्याणी वाढली.

दुसऱ्या दिवशी गवंडीबाबांनी स्लॅबवर मालाचे लहान बांध घालून वाफे केले. बैलगाडीतून पिंपे आणून ते पाण्याने भरले. मग मला म्हणाले, “पोरा, आता चौदा दिवस हा स्लॅब तुझा. वाफे सुकता कामा नयेत.”

सिमेंट वाळते आणि म्हणून घट्ट होते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि तिच्यामुळे ते दगडासारखे होते. ही क्रिया अनेक दिवस चालते. पहिल्या आठवड्यात पाणी आटले तर ती अर्धवट राहते, काँक्रीट कच्चे राहते आणि त्याला तडे जातात. काँक्रीटची ताकद तपासतात तीसुद्धा २८ दिवसांनी.

पण एप्रिलमध्ये पाणी आणायचे कोठून? कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. तरीही उन्हाळ्यात आमच्या विहिरी तळ गाठतात. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवत नाही. विहीर चढावर होती. वाफे भरलेले ठेवायला रोज पंचवीसेक हंडे लागत. विहिरीवर बायकांची रांग असे. तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या चाची मला ऐकवून म्हणाल्या, “आमची पोरं तहानलेली, आणि यांचा स्लॅब पाणी पितोय!” मला फार लाज वाटली. मी अर्धा हंडा घेऊन परत आलो.

त्या संध्याकाळी भरतीचे पाणी आमच्या कुंपणापर्यंत आले होते. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. एवढे पाणी! कोणाची रांग नाही, कोणाचे बोलणे नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी आणि माझ्या मामेभावाने भरतीच्या वेळी खाडीतून हंडे भरले आणि स्लॅबवर ओतले. मंगळवारीही तेच केले. वाफे काठोकाठ भरले. अम्मीने शाबासकी दिली. मी वहीत लिहिले, ‘पाणी चालू आहे.’

बुधवारी गवंडीबाबा शिडीने वर आले. एका वाफ्याची कड सुकली होती आणि तिच्यावर पांढरी रेघ उमटली होती. त्यांनी पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले आणि थुंकले.

“हे पाणी कुठलं?”

मी गप्प राहिलो. मामेभाऊ शिडीवरून खाली पळाला.

ते ओरडले नाहीत. खाली बसले आणि म्हणाले, “पोरा, मीठ लोखंडाला खातं. आज नाही दिसणार. वीस वर्षांनी दिसेल.”

त्यांनी थापीने बांध फोडले आणि सगळे पाणी सोडून दिले. वरच्या वाडीत एक झरा होता. तेथून दोन दिवस बैलगाडीने गोडे पाणी आणले, स्लॅब तीनदा धुतला आणि वाफे पुन्हा भरले. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : ‘पाणी व बैलगाडी – ३५० रुपये.’ ही गोष्ट कळल्यावर शेजारच्या चाची स्वतः दोन हंडे घेऊन आल्या. काही न बोलता त्या हंडे पायरीवर ठेवून गेल्या.

शुक्रवार आला. पत्रात काय लिहावे? ३५० रुपये कशाचे, हे अब्बा विचारणारच. ‘विहीर आटली’ असे लिहिले असते तर ते खोटेही नव्हते. मी तसे एक पत्र लिहिलेही. अम्मीने ते वाचले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाली, “तुझ्या अब्बांना घर तूच दाखवतोस. आता काय दाखवायचं ते तू ठरव.” मी रात्री दुसरे पत्र लिहिले. त्यात खाडी होती, मामेभावाचे नाव मात्र नव्हते.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर टेकू निघाले होते आणि मला नीट जेवण जात नव्हते. अब्बांनी लिहिले होते : ‘इथे कुवेतमध्ये आम्हीही समुद्राचेच पाणी पितो. पण आधी मोठ्या कारखान्यात त्याचे मीठ काढतात. तुझ्याकडे तसा कारखाना असेल तर खुशाल शिंप. नसेल तर विहिरीवर रांगेत उभा राहा. पुढच्या पत्रात खिडक्यांचे माप कळव.’ एवढेच. मी ते पत्र दादीला वाचून दाखवले, तेव्हा ती खूप दिवसांनी हसली.

नोव्हेंबरमध्ये अब्बा आले. सामान अंगणातच ठेवून ते आधी गच्चीवर गेले. बराच वेळ वाकून स्लॅबवर हात फिरवत होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. गावातील कित्येक घरांची कौले आणि पत्रे उडाले. त्या दुपारी आमच्या घरात तीन कुटुंबे बसली होती. शेजारच्या चाचीही होत्या. आता त्या फार थकल्या आहेत. छताकडे पाहून मला म्हणाल्या, “हाच ना रे तो, आमचं पाणी प्यायलेला?”

गेल्या वर्षी खाडीकडच्या कोपऱ्यात छताचा गिलावा पडला. आतली सळई दिसू लागली. ती गंजून फुगली होती. मी ओळखीच्या एका अभियंत्याला बोलावले आणि त्या दोन दिवसांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “खाडीकाठची हवाही खारट असते. त्या कोपऱ्यात सळईखाली काँक्रीटचा थरही पातळ आहे. नेमकं कशामुळे झालं, ते आता कोणी सांगू शकणार नाही.” कामगारांनी सैल काँक्रीट फोडले, सळई तारेच्या ब्रशने घासली, तिला गंजरोधक लेप दिला आणि नवा माल भरला. तो पाण्याने भिजत ठेवायला सांगितले सात दिवस. विहिरीवर आता पंप आहे. तरी मी सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारले आणि वहीच्या शेवटच्या पानावर खर्च लिहून ठेवला.